मावशीचा एकोणिसावा अभ्रा

आप्पांनी बॅग भरून दारापाशी ठेवली त्याला आज चौथा दिवस होता. आत दोन सदरे, ट्रान्झिस्टर, कवळीची वाटी आणि स्वतःची उशी. ये-जा करताना प्रत्येकाला तिची ठेच लागत होती, पण ती उचलून ठेवायची छाती कुणाची होत नव्हती.

आप्पांचं म्हणणं अगदी सरळ होतं. गुरुवारी तपासनीस तिसऱ्यांदा येणार. मावशी दोनदा नापास झालेली आहे. तिसऱ्यांदा झाली की तिला भंगारात काढायचा कागद निघणार. "आणि ती जाईल तिथे मी जाणार. सीटवर बसून जाणार. पुढे त्या दाबायच्या मशिनवाल्याने काय ते ठरवावं."

दुसऱ्या कुणाच्या सासऱ्यांनी असं म्हटलं असतं तर सुनेने हसून विषय बदलला असता. वहिनींना तशी सोय नव्हती. आठ वर्षांपूर्वी घरच्या लाँड्रीतला जुना बॉयलर विकला तेव्हा आप्पा असंच म्हणाले होते, आणि खरोखरच बॉयलरबरोबर गेले होते. घेणाऱ्याच्या कारखान्यात स्टुलावर बसून चार दिवस राहिले. कुठला वॉल्व्ह रुसतो, कुठल्याला थोपटावं लागतं, हे तिथल्या माणसांना शिकवलं आणि मगच परत आले. "आता रुळला तो तिथे," एवढंच बोलले आणि आंघोळीला गेले. पण बॉयलर निदान चालत्या कारखान्यात गेला होता. मावशी जाणार होती ती पत्र्याची वडी व्हायला.

मावशी म्हणजे ट्रक. निळा, गोल नाकाचा, लाकडी फळ्यांचा. घरातल्या सगळ्या मुलांच्या आधीपासून तो अंगणात उभा होता. आप्पांची लेक बोलायला लागली तशी ती अंगणातल्या या बोजड, प्रेमळ, सतत गुरगुरणाऱ्या आकृतीला मावशी म्हणाली, आणि तेव्हापासून ट्रकचं लिंगच बदललं. पन्नास वर्षं मावशी हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि साहेबलोकांचे शर्ट पोचवत होती, आणि पन्नास वर्षं चाकावर आप्पाच होते.

उन्हाळ्याच्या शेवटापासून मात्र मावशीचं बिनसलं. एका जागी उभी असताना इंजिन झोकांड्या खाल्ल्यासारखं चालायचं, चढावर दम सोडायची, अंगणभर कच्च्या पेट्रोलचा वास, आणि मागून धूर. तोही साधासुधा नाही, काळाकुट्ट. स्वच्छ चादरी पोचवायला निघालेली गाडी वाटेतच त्या चादरी पुन्हा धुण्याच्या लायकीच्या करायची. हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिकेने एकदा पूर्ण गठ्ठा न सोडता परत पाठवला, वर चिठ्ठी खोचून: "या वापरून झाल्यासारख्या दिसतात. आम्ही अजून वापरलेल्या नाहीत."

मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री अंगाने वाळकुडे, पण कान असा की इंजिन लांबून येताना ऐकून कितवा प्लग काळा झालाय ते सांगावं. त्यांनी बॉनेट उचललं. त्यांच्याबरोबर आत आणखी चार डोकी वाकली: आप्पा, वहिनींचा नवरा, थोरल्या नणंदबाई आणि वहिनी.

"कमजोरी आलीय तिला," आप्पा म्हणाले.

"पेट्रोल पुरत नाहीये," नवरा म्हणाला.

"आत काहीतरी अडकलंय," नणंदबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी एक प्लग काढला. त्यावर काजळी अशी, की बोट फिरवून डोळ्यात घालावी. "पुरत नाही कसलं," ते म्हणाले. "ही खाते जास्त आणि श्वास घेते कमी. अशक्त नाही, अजीर्ण झालंय तिला. कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतोय, नाहीतर हवा कमी मिळतेय. आधी हवा बघायची, मग पेट्रोल. हा क्रम सोडायचा नाही."

"हवेचं माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या. "ते मी जातीने बघते."

"मग पेट्रोलचं बघतो," असं म्हणून मिस्त्रींनी हात आत घातला, तर त्यांच्या मनगटावर आप्पांचा हात पडला. नवऱ्याने बॅटरी भलतीकडेच धरली. नणंदबाईंनी "जपून हं, तिला तिथे गुदगुल्या होतात," असं सांगितलं. मिस्त्रींनी शांतपणे हात बाहेर काढला, पुसला आणि बॉनेट लावलं.

"तुमच्या गाडीला दुखणं एकच आहे, नातेवाईक चार आहेत," ते म्हणाले. "तुम्ही सगळे कधी बाहेरगावी गेलात की मला निरोप द्या."

ते गेले ते गेलेच. पुढच्याच गुरुवारी धूरसाहेबांनी मावशीला दुसऱ्यांदा नापास केलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

धूरसाहेब हे नाव लाँड्रीतलंच. तपासनीसांचं काम म्हणजे गाड्यांचा धूर बघणं. त्यांच्याकडे एक कार्ड होतं, त्यावर पाच गोल, पांढुरक्यापासून काळ्यापर्यंत. धुराकडे बघायचं, कार्डाकडे बघायचं, आकडा लिहायचा. एकपर्यंत पास. मावशीच्या वेळी त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं होतं, कारण पाचव्या गोलाच्या पुढे कार्डच संपत होतं. मनुष्य वाईट नव्हता. त्यांचे शर्ट याच लाँड्रीत येत होते, आणि हल्ली ते करडे होऊन घरी जात होते, तरी त्यांनी त्यावरून एक शब्द काढला नव्हता.

वहिनींना इंजिनातलं कळत नव्हतं. पण डागांतलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. बावीस वर्षं त्या डागांच्या टेबलाशी उभ्या होत्या. तेलाचा डाग पिवळी कड धरतो, पाण्याचा वाळला की विरतो, गंजाचा धुतला की चिडतो. म्हटलं तर धूर हाही एक डागच, फक्त अजून कशावर पडलेला नाही. मग त्याला पडायला काहीतरी द्यावं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोज एक पांढरा उशीचा अभ्रा काढला. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब, काठीवर दोन चिमट्यांनी लावायचा. आप्पांनी मावशी सुरू करायची, वहिनींनी शंभर अंक मोजायचे, आणि अभ्रा मागच्या दोरीवर टांगायचा. कोपऱ्यात पेन्सिलीने वार. पहिल्याच अभ्र्याने सांगितलं की मिस्त्री खरं बोलले होते. पिवळी कड नाही, म्हणजे इंजिन तेल जाळत नाही. कोरडी काजळी, फुंकर मारली तर उडणारी. अजीर्णच.

बघता बघता दोरीवर अभ्र्यांची रांग लागली. शेजारीपाजारी विचारायला लागले, की एवढ्या काळ्या उशांवर तुम्ही झोपता तरी कसे.

बुधवारी दुपारी, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी, वहिनी त्या रांगेसमोर स्टूल टाकून बसल्या. अठरा अभ्रे. बाकीच्यांना जवळजवळ सगळे सारखेच काळे दिसत होते. वहिनींना दिसत नव्हते. आदल्या शनिवारच्यापेक्षा सोमवारचा प्रत्येक अभ्रा एक पायरी काळा होता. पहिल्या बुधवारी एकदम मोठी उडी होती, आणि ती खाली आलीच नव्हती. आणि गार सकाळी, जेव्हा आप्पा मफलर गुंडाळून बाहेर येत, तेव्हाचे अभ्रे काळ्यातले काळे. मधे एक रविवारचा तेवढा बराच उजळ होता. तो नीट लागला नसेल म्हणून वहिनींनी सोडून दिला.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "सोमवारी सकाळी बॉयलर तापायला तासभर लागतो. त्या तासात तुम्ही काय करता?"

नवरा बॉयलरपाशी काहीतरी पुसत होता. तो तेच आणखी पुसायला लागला.

"काय करणार. पेपर वाचतो."

"पेपर वाचताना स्क्रूड्रायव्हर कशाला लागतो?"

तो खिशातून डोकावत होता. नवऱ्याने तो आत ढकलला, मग सुस्कारा सोडला. "अगं, कार्बोरेटरला एक स्क्रू असतो. अर्धा आटा बाहेर घेतला की पेट्रोल थोडं सढळ येतं. ती उभी असताना इतकी थरथरायची की बघवेना मला. म्हटलं, म्हातारं माणूस, जरा जास्त वाढलं तर काय बिघडलं."

"दर सोमवारी?"

"एकदा सुरुवात केली की हात आखडता घेववत नाही."

वहिनींनी मग शिवणाच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. थोरल्या नणंदबाई फाटक्या चादरी रफू करत. टाचण्या-सुया खोचायची त्यांची डुकराच्या आकाराची गादी टेबलावर असे, आणि तिच्यात एक जाड सुई काळी पडलेली वहिनींनी पहिल्या आठवड्यातच पाहिली होती.

"वन्सं, ही सुई कशात घातली होती?"

"कुठली? ती होय." नणंदबाईंनी चष्मा वर केला. "वहिनी, चिडणार नसशील तर सांगते. मला वाटलं तिच्या घशात काहीतरी अडकलंय. गाडीच्या पुस्तकात बघून मी कार्बोरेटरातला तो जेट काढला. पितळेचा असतो, मुगाएवढा, त्याला भोक. भोक किती बारीक असावं? त्यातून पेट्रोल जाणार तरी कसं बिचारीला. म्हणून सुई घालून जरा साफ केलं."

"जरा?"

"आरपार दिसायला लागेपर्यंत."

वहिनी तडक अंगणात आल्या. मावशीचं दार उघडून आत वाकल्या. गार इंजिनाला सुरुवातीपुरतं पेट्रोल जास्त देणारी ती चोकची मूठ पूर्ण आत असायला हवी होती. ती दोन बोटं बाहेर होती, आणि परत आत जाऊ नये म्हणून मुठीच्या तारेला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला होता. लाकडी, चांगला, नवा.

आप्पा मागे येऊन उभे राहिले होते.

"आप्पा, चोक फक्त सुरू करताना ओढायचा असतो ना?"

"पन्नास वर्षं चालवतोय मी. मला शिकवतेस?"

"मग हा चिमटा?"

आप्पा टायरकडे बघत राहिले. "सकाळी गारठा असतो," ते म्हणाले. "या वयात एकदम पांघरूण ओढून घेतलं की छातीत भरतं. तुला नाही कळायचं."

त्या दुपारी चहाला चौघं एकत्र बसले आणि वहिनींनी सगळ्यांना यथेच्छ झोडपलं. त्यांना तेवढं बोलताना घरात कुणी ऐकलं नव्हतं. "एक जण वाढतोय, एक जण घसा रुंद करतेय, एक जण तोंडच मिटू देत नाही. मावशीला धूर येणार नाही तर काय येईल? माया करायची तर विचारून करावी. मी नाही का तिचं करत? पण अशी चोरून लुडबुड केली का कधी?"

तिघांनी माना खाली घातल्या. मग ज्याचं त्याने निस्तरलं. आप्पांनी चिमटा काढला आणि चोक आत ढकलला. नवऱ्याने स्क्रू आत घेत नेला. इंजिन लटपटायला लागलं तिथून थोडा मागे, ते एकसुरात बोलायला लागेपर्यंत. राहिला जेट. आप्पांच्या डब्यात एक जुना होता, पण त्याच्या भोकावर इतका कीट चढला होता की रात्रभर पेट्रोलात बुडवून ठेवावा लागला. सुईला हात लावायची नणंदबाईंना बंदी. तो बसवून होईपर्यंत गुरुवारचे अकरा वाजले आणि फाटकाशी धूरसाहेब उभे.

साहेबांनी कार्ड काढलं. आप्पांनी मावशी सुरू केली. वहिनींनी एकोणिसावा अभ्रा लावायला घेतला, तेव्हा साहेब म्हणाले, "हे काय?"

"आमचं कार्ड," वहिनी म्हणाल्या.

मावशी थरथरत नव्हती. झोकांड्या नव्हत्या. धूर काळा नव्हता. नवऱ्याने नणंदबाईंच्या पाठीवर हळूच थाप मारली. शंभर अंक झाले. साहेबांनी धुराकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, अभ्र्याकडे बघितलं.

"दोन," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, तेही दिसत होतं. "पाचाच्या पुढून दोनावर आणलीत म्हणजे कमाल आहे. पण एकपर्यंतच पास."

आप्पांनी इंजिन बंद केलं, उतरले, घरात गेले, बॅग घेऊन आले आणि पुन्हा सीटवर चढून बसले. बॅग मांडीवर. दार लावून घेतलं, काच वर केली. मग पुन्हा थोडी खाली केली, हवा यावी म्हणून.

"हे कुठे निघाले?" साहेबांनी विचारलं.

"भंगारात," नणंदबाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, पण लिहायला सुरुवात करेनात. आकड्यांची सवय असलेल्या माणसाची नजर समोर रांग दिसली की तिकडे जातेच. ते दोरीपाशी गेले. एकेका अभ्र्याशी आपलं कार्ड लावत चालले. "पाच. पाच. हा पाच आणि थोडा. बाई, तुमच्या छटा माझ्यापेक्षा जास्त आहेत." मग थांबले. "हा उजळ कसा?"

"तो रविवारचा," वहिनी म्हणाल्या. "एरवी रविवारी गाडी काढत नाही. त्या दिवशी हॉस्पिटलला तातडीने चादरी हव्या होत्या. नीट लागला नसेल तो."

"नीटच लागलाय. चारी कोपऱ्यांत सारखा आहे. त्या रविवारी वेगळं काय केलं होतं?"

"काही नाही. त्याच दोरीवर लावला. शेजारी माझं..."

आणि वहिनी थांबल्या.

शेजारी काय वाळत होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. एवढंसं, गोल, दोन बंद लोंबणारं. दर रविवारी धुऊन वाळत घातलेलं, सोमवारी सकाळी परत जागेवर गेलेलं. दर सोमवारी. त्यांनी रांगेकडे बघितलं. सोमवारचे अभ्रे. ते सगळे त्यांनी नवऱ्याच्या नावावर लिहून टाकले होते.

उन्हाळ्यात रस्ता खोदलेला होता. धुळीने मावशी पहिल्यांदा ठसकली, तेव्हा वहिनींनी जुन्या इस्त्रीच्या टेबलावरचं फ्लॅनेल कापलं. वीस वर्षं ज्यावर इस्त्री केली ते मऊ, ऊबदार फ्लॅनेल. त्याचं टोपडं शिवून एअर फिल्टरवर चढवलं आणि गळ्याशी बंद बांधावेत तसे बांधले, धूळ जाऊ नये म्हणून. आणि कळकट बरं दिसत नाही म्हणून दर रविवारी गरम पाण्यात धुतलं. फ्लॅनेल गरम पाण्यात धुतलं की आटतं, दाट होतं, चिवट होतं. आज बावीस वर्षं हे गिऱ्हाइकांना त्याच सांगत होत्या.

हवेचं माझ्याकडे आहे. ते मी जातीने बघते.

क्षणभर त्यांना वाटलं, गप्प बसावं. साहेब लिहितील, जातील, कुणाला कळायचं नाही. कालचं सगळं बोलणं त्यांच्या कानात वाजत होतं, एकेक शब्द सुटा सुटा. मग त्यांनी ट्रककडे बघितलं. काचेआड आप्पा बसले होते, ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे, बॅगेवर दोन्ही हात. बॅगेतून उशीचं टोक बाहेर आलं होतं. त्या उशीचा अभ्रा पांढराशुभ्र होता. तो वहिनींनीच धुतला होता.

"साहेब, पेन मिटा," त्या म्हणाल्या. "अजून एक जण राहिलाय."

त्यांनी बॉनेट उचललं. बंदाची गाठ सोडताना बोटं अडखळली, कारण गाठ त्यांनी फुलासारखी बांधली होती. टोपडं निघालं. ते इतकं घट्ट झालं होतं की हातात धरलं तर आपोआप उभं राहत होतं.

नणंदबाई पुढे वाकल्या.

"वहिनी," नणंदबाई म्हणाल्या, "हे टोपडं आहे."

"हो."

"त्याला लेस पण आहे."

"उरलेली होती थोडी."

नवऱ्याने घसा साफ केला. "काल चहा गार होईपर्यंत तू मला एका स्क्रूवरून बोलत होतीस."

"बोला आता. घ्या तोंडसुख. माझी पाळी आहे," वहिनी म्हणाल्या. तोंड लाल झालं होतं, पण आवाज खाली गेला नाही. "सुरुवात माझ्यापासूनच आहे. मी तिचं नाक दाबलं, ती धापा टाकायला लागली, आणि तुम्हाला वाटलं तिला भूक लागलीय. आप्पा, सुरू करा."

आप्पांनी बॅग खाली न ठेवताच किल्ली फिरवली.

मावशीने एक खोल श्वास घेतला. असा आवाज तिच्या नाकातून उन्हाळ्यापासून कुणी ऐकला नव्हता. मग ती बोलायला लागली, हळू, एका लयीत, म्हाताऱ्या बायका दुपारी दारात बसून बोलतात तशी. वहिनींनी अभ्रा उलटा करून कोरी बाजू पुढे धरली आणि अंक मोजले. मधेच त्यांचा आकडा चुकला. साहेबांनी न सांगता पुढचा आकडा म्हटला, आणि उरलेले दोघांनी मिळून मोजले.

शंभर झाल्यावर त्यांनी अभ्रा उन्हात धरला. साहेबांनी कार्ड लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"एक," ते म्हणाले. मग प्रामाणिकपणे जोडलं, "एकाच्याही अलीकडे. पण माझ्याकडे तिथे गोल नाही."

आणि ते गोंधळले, कारण त्यांच्या कागदावर 'पुरावा जोडा' अशी एक ओळ होती, आणि बारा वर्षांत त्या ओळीसाठी त्यांच्या हातात कधी काही आलं नव्हतं. त्यांनी अभ्रा मागितला. स्टेपल त्याच्यातून जाईना. शेवटी नणंदबाईंनी सुई काढली, साहेबांच्या फाइलीला तो चार टाक्यांनी पक्का केला आणि दोरा दाताने तोडला. साहेब फाइल काखेत मारून निघाले तेव्हा मागून अभ्रा झेंड्यासारखा फडफडत होता.

"काच वर करा आप्पा, आणि उतरा," वहिनी म्हणाल्या. "बॅग रिकामी करा. दारात सगळ्यांना ठेच लागतेय."

आप्पा उतरले. त्यांनी टोपडं वहिनींच्या हातातून घेतलं, आत हात घालून बघितलं, उलटंपालटं केलं. "ऊब छान आहे गं याला," ते म्हणाले, आणि परत दिलं.

त्या दिवशी चौघांनी मिळून एक नियम केला. बॉनेट उघडं असताना मावशीपाशी यायचं तर हात पाठीमागे बांधून यायचं. बघायचं, बोलायचं, काळजी करायची, सगळं करायचं, हात मागे. खरंच काही झालं तर मिस्त्रींना बोलवायचं आणि सगळ्यांनी बाहेरगावी जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलाच गारठा होता. आप्पांनी इंजिन सुरू केलं, चोक आत ढकलला, उतरले आणि येऊन रांगेत उभे राहिले. चौघं बॉनेटसमोर, हात पाठीमागे, हॉस्पिटलात भेटीच्या वेळेत पलंगाशी उभे असल्यासारखे. नवऱ्याचा अंगठा मागच्या मागे अर्धा आटा फिरत होता. नणंदबाईंच्या चिमटीत काही नव्हतं, तरी चिमूट मिटलेली होती. आप्पांनी मुठीत चिमटा घट्ट धरला होता. आणि वहिनींच्या बोटांत ते टोपडं होतं. त्या त्याच्या बंदाशी चाळा करत होत्या, बांधत होत्या, सोडत होत्या.

मावशी एकदा खोकली.

कुणीही हललं नाही.